नासलेले कूलंट आणि कामगाराची छाती

शुक्रवारची सकाळ. भोसरी-चिंचवड पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. एक दिवस बंद राहिलेल्या शेडचे शटर वर जाते आणि आत पाऊल टाकताच सडक्या अंड्यासारखा वास नाकात घुसतो. पहिल्या पाळीचा ऑपरेटर नाक मुरडतो, मशीन चालू करतो. कूलंटचा पंप फिरू लागला की वास आणखी उसळतो. तासाभराने तो जाणवेनासा होतो. ‘सुट्टीनंतर एवढं व्हायचंच,’ असे म्हणून सगळे कामाला लागतात. जगभरच्या यंत्रशाळांमध्ये या वासाला ‘सोमवार सकाळचा वास’ म्हणतात. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात तो शुक्रवारी येतो, एवढाच फरक.

आता दुसरे दृश्य. सरकारी रुग्णालयाच्या छातीविकार विभागात बाकावर बसलेला पस्तिशीचा एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. तीन महिन्यांपासून कोरडा खोकला, संध्याकाळी अंगात कणकण, जिना चढताना धाप, वजनही उतरलेले. एक्स-रेवर दोन्ही बाजूंना पुसटसे धुके. थुंकीची तपासणी दोनदा झाली, क्षयाचे जंतू सापडले नाहीत. गल्लीतल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. घरात कुजबुज सुरू झाली आहे, की हा टीबीच असणार.

‘‘काम काय करता?’’

‘‘कंपनीत आहे, साहेब.’’

बाहेर रांग लांब असते आणि बहुतेक वेळा संभाषण इथेच संपते. ‘कंपनीत म्हणजे नेमके काय?’ हा पुढचा प्रश्न विचारला, तर कळते की तो सीएनसी मशीनवर आहे, दिवसाचे आठ-दहा तास कूलंटच्या तुषारांत उभा असतो आणि सणाला आठ दिवस गावी गेला की त्याचा खोकला आपोआप कमी होतो. निदानाचा अर्धा रस्ता या एका माहितीत असतो. शुक्रवारचा वास आणि बाकावरचा रुग्ण यांच्यामध्ये एक टाकी आहे. ती कशी स्वच्छ ठेवायची हा प्रश्न मेंटेनन्स विभागाइतकाच आरोग्याचाही आहे.

दुधाळ पाण्यात असते काय?

धातू कापताना टूल आणि जॉब यांच्यामध्ये प्रचंड उष्णता तयार होते. अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलर याने १८८० च्या दशकात दाखवून दिले, की कापण्याच्या जागी पाण्याची भरपूर धार सोडली तर कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येतो. नुसत्या पाण्याने लोखंड गंजते, म्हणून त्याने त्यात सोडा मिसळला. तेव्हापासून पाण्यात काहीतरी मिसळण्याची ही परंपरा सुरू आहे.

आज आपल्याकडे ज्याला कूलंट किंवा सोल्युबल ऑईल म्हणतात, त्यात मूळ तेल, ते पाण्यात विखुरून ठेवणारी साबणासारखी द्रव्ये, गंज रोखणारी रसायने, पीएच राखणारी अमाईन द्रव्ये आणि जंतुनाशक असते. हे मूळ द्रव्य साधारण पाच ते दहा टक्के आणि उरलेले पाणी, असे मिश्रण दुधासारखे पांढरे दिसते. पंप ते टूलवर ओततो, ते कीस घेऊन खाली टाकीत जाते, गाळले जाते आणि पुन्हा वर येते. तेच द्रव महिनोन् महिने असे फिरत राहते.

म्हणजे टाकीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी आहे, खायला तेल आहे, आपल्याकडच्या हवेत ऊबही भरपूर आहे. जिवाणूंना आणखी काय हवे?

टाकीतले विरजण

दही लावलेले भांडे न घासता त्यात ताजे दूध ओतले तर काय होते, हे कोणत्याही घरात सांगावे लागत नाही. कूलंटच्या टाकीत नेमके हेच घडते. वास असह्य झाला की जुने कूलंट उपसून टाकले जाते, टाकीत नवे ओतले जाते आणि तीन-चार आठवड्यांत पुन्हा तोच वास येतो. मग ‘कूलंटचा माल खराब आला’ अशी तक्रार पुरवठादाराकडे जाते. खरे तर माल चांगला असतो, टाकीच्या तळाशी विरजण शिल्लक असते. तळाचा बारीक किसाचा गाळ, पाइपांच्या आतला बुळबुळीत थर, कोपऱ्यांत साचलेला चिकटा यांत जिवाणूंच्या वसाहती तग धरून असतात. जंतुनाशकही या थराच्या आत पुरते पोचत नाही.

यात भर घालते ते बाहेरून झिरपणारे तेल. मशीनच्या हायड्रॉलिकमधून आणि स्लाइडवर सोडलेल्या वंगणातून थेंब थेंब तेल टाकीत येते आणि पृष्ठभागावर सायीसारखे पसरते. मशीन चालू असते तोवर द्रव घुसळले जाते, त्यात हवा मिसळत राहते. सुट्टीच्या दिवशी पंप बंद असतो, वर तेलाचे झाकण असते आणि खाली प्राणवायू संपत जातो. अशा वेळी प्राणवायूविना जगणारे जिवाणू जोर धरतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा वायू सोडतात. शुक्रवारचा वास तो हाच.

जिवाणूंच्या वाढीबरोबर आम्ले तयार होतात आणि पीएच घसरतो. ताज्या कूलंटचा पीएच साधारण ८.५ ते ९.५ असतो. तो ८.५ च्या खाली जाऊ लागला, की टाकीत काहीतरी बिघडते आहे असे समजावे. पुढे जॉबवर गंज येतो, तेल आणि पाणी वेगळे होऊ लागते, टूल लवकर झिजते. मालकाचे नुकसान इथे दिसते. कामगाराचे नुकसान दिसायला वेळ लागतो.

टाकीतून छातीत

टाकीतले जिवाणू फुफ्फुसात जातात ते तुषारांवर बसून. काही हजार फेऱ्यांनी फिरणाऱ्या टूलवर द्रव आदळते तेव्हा त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात. गरम पृष्ठभागावर वाफ होऊन ती पुन्हा गोठते आणि आणखी बारीक थेंब तयार होतात. मोठे थेंब खाली बसतात, पण बारीक थेंब हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. त्यांच्यासोबत तेल, रसायने, जिवंत जिवाणू आणि मेलेल्या जिवाणूंचे तुकडे जातात. यातले अनेक थेंब डोळ्यांना दिसत नाहीत. शेडमध्ये धुके दिसत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, असा अर्थ होत नाही.

याचे छातीवर होणारे परिणाम मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला म्हणजे व्यवसायजन्य दमा. पूर्वी कधीही दमा नसलेल्या माणसाला कामावर असताना किंवा रात्री घरी आल्यावर छातीत घरघर, दडपण, खोकला सुरू होतो.

दुसरा आजार अधिक फसवा आहे. त्याचे नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस. श्वासातून वारंवार आत जाणाऱ्या जैविक कणांविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्तीच पेटून उठते आणि वायुकोशांभोवती सूज येते. तीव्र प्रकारात संपर्कानंतर चार ते आठ तासांनी ताप, थंडी, अंगदुखी, खोकला, धाप असा ‘फ्लू’ दिसतो आणि दोन दिवसांत ओसरतो. पुन्हा कामावर गेले की पुन्हा येतो. हळूहळू वाढणाऱ्या प्रकारात ताप ठळक नसतो. खोकला, दम आणि घटते वजन एवढेच दिसते. संपर्क चालूच राहिला तर फुफ्फुसात कायमचे व्रण पडतात, फुफ्फुस ताठर होते आणि ते नुकसान भरून येत नाही.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ समजला जाई. देशातील १९ शहरांमधल्या २७ केंद्रांनी मिळून फुफ्फुसाच्या अशा आंतर-ऊतींच्या आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद केली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात सुमारे ४७ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस निघाला. या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचा संबंध घरातल्या एअर कूलरशी होता. साचलेले पाणी, त्यात वाढणारे सूक्ष्मजीव आणि ते हवेत उडवणारे यंत्र अशी कूलरची गोष्ट आहे. कूलंटच्या टाकीचीही गोष्ट हीच, फक्त तिच्यात खायला तेलही असते.

वास गेला, धोका गेला?

कूलंट नासले की बहुतेक ठिकाणी जंतुनाशकाचा डबा उघडला जातो. अंदाजाने थोडे ओतले जाते, वास जातो, सगळे निश्चिंत होतात. इथे दोन घोटाळे आहेत.

एक, जिवाणू मेले तरी नाहीसे होत नाहीत. त्यांच्या आवरणातले एंडोटॉक्सिन हे विषारी द्रव्य द्रवातच राहते, तुषारांबरोबर छातीत जाते आणि श्वासनलिकांना सूज आणते. गाळ आणि चिकटा काढून टाकणे याला जंतुनाशक हा पर्याय होऊ शकत नाही.

दोन, सगळे जिवाणू सारख्या सहजपणे मरत नाहीत. १९९० च्या दशकात अमेरिकेत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांमध्ये हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिसचे उद्रेक झाले. तिथल्या कूलंटमध्ये मायकोबॅक्टेरिया गटातले जिवाणू सापडले. त्यातल्या एका नव्या जातीला २००१ मध्ये ‘मायकोबॅक्टेरियम इम्युनोजेनम’ हे नाव मिळाले. या गटाच्या जिवाणूंवर मेणचट आवरण असते, त्यामुळे ते नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. उलट जंतुनाशकाने इतर जिवाणू मेले की यांना मोकळे रान मिळत असावे, असे अभ्यासकांना वाटते. सडक्या अंड्याच्या त्या वासाशी यांचा संबंध नाही. म्हणून वास येणारी टाकी वाईटच, पण वास न येणारी टाकी चांगलीच असेल, असे नाही.

मायकोबॅक्टेरिया हे नाव ऐकून क्षयाची आठवण होणे साहजिक आहे, कारण क्षयाचा जंतू याच कुळातला. मात्र कूलंटमधला हा भाईबंद क्षय देत नाही. त्याच्यामुळे येणारा न्युमोनायटिस संसर्गजन्य नाही, तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही आणि टीबीच्या औषधांनी बराही होत नाही. आपल्या देशात दीर्घ खोकल्याच्या रुग्णात क्षयाची तपासणी आधी झालीच पाहिजे. पण ती नकारात्मक आल्यावर केवळ संशयावरून सहा महिन्यांची औषधे सुरू करून रुग्णाला त्याच मशीनवर परत पाठवले, तर औषधांचा त्रास होतो आणि फुफ्फुसाची हानीही चालू राहते.

बर्मिंगहॅमचा धडा

मोठ्या, संघटित कारखान्यातही हे घडू शकते, हे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या एका मोटार-इंजिन कारखान्याने दाखवले. डिसेंबर २००३ ते मे २००४ या काळात तिथले १२ कामगार ॲलर्जीमुळे वायुकोशांना आलेली सूज घेऊन डॉक्टरांपुढे आले. एवढ्यावर न थांबता सगळ्या कामगारांची पाहणी केली गेली. तेव्हा ८७ जणांना, म्हणजे साधारण दहांमागे एकाला, कामामुळे आलेला फुफ्फुसाचा आजार असल्याचे आढळले. बहुतेकांना दमा होता. संबंध जोडला गेला तो वापरलेल्या कूलंटच्या तुषारांशी.

या घटनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. एका कामगाराचे निदान झाले, की त्याच शेडमधल्या इतरांनाही विचारायला हवे. जो डॉक्टरांपर्यंत पोचला तो बहुधा एकटा नसतो. जिथे एकाच मोठ्या टाकीतून अनेक मशीनना कूलंट जाते, तिथे तर एका कोपऱ्यातला बिघाड सगळ्या शेडचा होतो.

हवेत किती तुषार चालतील याच्या मर्यादाही काळाबरोबर बदलल्या. खनिज तेलाच्या तुषारांसाठी घनमीटरमागे ५ मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा. अमेरिकेच्या ‘नायोश’ या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९९८ मध्ये कूलंटच्या छातीपर्यंत पोचणाऱ्या तुषारांसाठी ०.४ मिलिग्रॅमची शिफारस केली. ती जुन्या मर्यादेच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे.

आधी तक्रार करते ती कातडी

छातीच्या आधी बहुतेकांची कातडी बोलू लागते. त्वचा स्वभावतः किंचित आम्लधर्मी, तर कूलंट अल्कधर्मी. दिवसभर हात ओले राहिले की त्वचेचे नैसर्गिक तेल निघून जाते. बोटांच्या बेचक्यांत लाली, भेगा, खाज सुरू होते. कूलंटमधल्या किसाच्या सुया बारीक जखमा करतात. द्रवात उतरलेले निकेल, क्रोमियम, कोबाल्ट आणि खुद्द जंतुनाशके यांची ॲलर्जी काहींना होते. एकदा झालेली ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. म्हणूनच जंतुनाशक ‘थोडे जास्त’ ओतणे धोक्याचे. तेलाने भिजलेले कपडे मांड्यांना आणि हातांना घासत राहिले की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात.

तेल आणि त्वचा यांचा इतिहास याहून गंभीर आहे. इंग्लंडमधल्या कापूसगिरण्यांत चात्यांवरचे खनिज तेल कामगारांच्या जांघांवर उडत असे. १९२२ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी या कामगारांमधल्या अंडकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले. आजची तेले शुद्ध करून त्यातली घातक द्रव्ये मोठ्या प्रमाणात काढलेली असतात. तरी अशुद्ध खनिज तेल हे कर्करोगकारक मानले जाते. नायट्राइट आणि काही अमाईन एकत्र आली की नायट्रोसअमाईन ही कर्करोगाचा संशय असलेली द्रव्ये बनतात, म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा अमाईन असलेल्या कूलंटमध्ये नायट्राइट घालण्यावर १९८४ मध्ये बंदी आणली. स्वस्त, लेबल नसलेल्या कॅनमधले कूलंट घेण्याआधी पुरवठादाराकडे सुरक्षा माहितीपत्रक मागणे एवढ्यासाठी आवश्यक आहे.

हात धुण्याची पद्धतही त्रास वाढवते. रॉकेल, थिनर, कपड्यांची पावडर किंवा भुसा घासून हात धुतले की उरलेसुरले संरक्षणही जाते. कीस लागलेल्या कॉटन वेस्टने हात पुसणे म्हणजे सँडपेपरने पुसणे. सौम्य साबण, साधे पाणी, स्वच्छ कोरडे फडके आणि पाळी संपल्यावर हातांना खोबरेल किंवा व्हॅसलीन एवढे पुरते. तेलकट कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत.

स्वच्छतेचा क्रम

कूलंट स्वच्छ ठेवणे म्हणजे महागडे यंत्र विकत घेणे, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याची सुरुवात दोन स्वस्त साधनांनी होते. एक रिफ्रॅक्टोमीटर, ज्याच्या काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडे धरले की मिश्रणाची तीव्रता कळते. काचेतला आकडा पुरवठादाराने दिलेल्या गुणकाने गुणायचा असतो, हे मात्र अनेक जण विसरतात. दुसरे साधन पीएच पट्टी. रोज किंवा दिवसाआड या दोन्हींचे आकडे मशीनवर लटकवलेल्या कार्डावर लिहिले तर नासण्याची चाहूल वास येण्याच्या आधी लागते. रुग्णाच्या खाटेला ताप-नाडीचा तक्ता लावतात, तसेच हे.

तीव्रता फार कमी झाली तर जिवाणू वाढतात आणि गंज येतो, फार वाढली तर कातडी जळते. रोज उडून गेलेल्या पाण्याची भर नुसत्या नळीच्या पाण्याने घालायची सवय जवळजवळ सर्वत्र आहे. जॉब आणि किसाबरोबर तेलही जात असते, त्यामुळे मिश्रण पातळ होत जाते. भर घालायची ती सौम्य मिश्रणाची. मिश्रण करतानाही आधी पाणी आणि मग ढवळत तेल हा क्रम पाळायचा.

पाणी कोणते, हेही महत्त्वाचे. समजा, टाकी २०० लिटरची आहे आणि रोज १० लिटर पाणी वाफ होऊन जाते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. वीस दिवस तेच बोअरचे जड पाणी भरत राहिले, तर टाकीतले क्षार जवळपास दुप्पट होतात. मग तेल फुटते, चिकट साका जमतो आणि जिवाणूंना आसरा मिळतो. क्षार काढलेले पाणी वापरले तर कूलंटचे आयुष्य वाढते.

त्यानंतर येते वरचे तेल काढणे. पट्टा किंवा चकती फिरवून तेल ओढून घेणारा स्किमर लहान मशीनवरही बसतो. कीस आणि गाळ रोजच्या रोज काढायचा. टाकीत बिडी-तंबाखूची थुंकी, चहाचे कप, जेवणाचे उरलेसुरले पडू द्यायचे नाही. हे वाचायला विचित्र वाटेल, पण टाकी उपसणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. दिवाळीसारख्या लांब सुट्टीत रोज थोडा वेळ पंप चालवून द्रव हलते ठेवावे.

वर्षातून किमान एकदा, आणि नासलेल्या टाकीत नवे कूलंट भरण्याआधी दर वेळी, टाकीची पूर्ण धुलाई हवी. जुन्या द्रवात सिस्टिम क्लीनर मिसळून तो सांगितलेल्या वेळेपर्यंत मशीनमधून फिरवायचा, म्हणजे पाइपांतला चिकटा सुटतो. मग सगळे उपसायचे, तळाचा गाळ खरवडून काढायचा, स्वच्छ पाण्याने फिरवून धुवायचे आणि त्यानंतरच नवे भरायचे. हे काम करणाऱ्याला रसायनाला टिकणारे लांब हातमोजे, चष्मा आणि तेलकट तुषारांसाठीचा मास्क द्यायला हवा. ‘एन’ वर्गाचे मास्क तेलाच्या थेंबांसाठी नसतात, त्यासाठी ‘आर’ किंवा ‘पी’ वर्गाचे लागतात. तोंडाला बांधलेला रुमाल काहीच अडवत नाही.

जमिनीखालच्या मोठ्या खड्ड्यात कुणालाही तसेच उतरवू नये. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो. पहिला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला धावलेला दुसराही. हवा तपासणे, पंख्याने हवा खेळती करणे आणि वर दोरी धरलेला माणूस असणे, यांशिवाय उतरायचे नाही.

पुनर्वापर कुठवर?

वापरलेले कूलंट गाळून पुन्हा वापरणे चांगलेच. लोहचुंबक आणि कागदी फिल्टर कीस काढतात. सेंट्रिफ्यूज द्रव वेगाने फिरवून तेल आणि बारीक गाळ वेगळा करते. मग पीएच आणि तीव्रता तपासून, नव्या कूलंटची भर घालून ते परत भरले जाते. चाकांवरचे एक यंत्र अनेक मशीनमध्ये फिरवता येते, लहान कारखाने ते सामाईकही घेऊ शकतात. खरेदी वाचते, विल्हेवाटीचा खर्चही वाचतो.

पण गाळण्याने विरघळलेले क्षार, विरघळलेले धातू आणि एंडोटॉक्सिन जात नाहीत, संपलेली संरक्षक द्रव्ये परत येत नाहीत. म्हणून पुनर्वापरालाही अंत असतो. पीएच वारंवार घसरत असेल, रंग राखाडी झाला असेल, तेल फुटून वेगळे होत असेल, तर ते द्रव परत फिरवू नये. बिघडलेल्या एका टाकीतले कूलंट गाळून चांगल्या चार टाक्यांत वाटणे म्हणजे आजार वाटणे.

टाकाऊ कूलंट नाल्यात सोडणे किंवा आवारात ओतणे हा गुन्हा आहे. ते पाण्यात विखुरलेले तेल असल्याने नदीत गेल्यावर सहजी वेगळे होत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच गेले पाहिजे.

तुषार कमी करण्याचे उपाय तर त्याहून सोपे आहेत. कापणे संपताच मशीनचे दार उघडू नये, आतले धुके ओढले जायला काही मिनिटे द्यावीत. मशीनवर शोषक यंत्रणा असेल तर तिचे फिल्टर वेळेवर बदलावेत. एअर गनने जॉबवरचे कूलंट उडवणे थांबवावे. त्या एका फवाऱ्याने दिवसभराची काळजी वाया जाते.

डॉक्टरांचा प्रश्न

इटलीतील डॉ. बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि डॉक्टरांच्या नेहमीच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घातली: तुमचा व्यवसाय काय? तीनशे वर्षांनंतरही गर्दीच्या ओपीडीत सर्वांत आधी गळतो तो हाच प्रश्न.

दम्याचा संशय असेल तर पीक फ्लो मीटर हे स्वस्त साधन पुरेसे बोलके असते. दिवसातून किमान चार वेळा, साधारण चार आठवडे, कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशीही फुंकून आकडे लिहायचे. कामावर खाली आणि सुट्टीत वर जाणारा आलेख निदान सांगून जातो. न्युमोनायटिसचा संशय असेल तर छातीचा एचआरसीटी आणि फुफ्फुसाच्या क्षमतेची चाचणी लागते. उपचारात काहींना स्टेरॉइड द्यावे लागते, पण मुख्य औषध संपर्क थांबवणे हेच. याचा अर्थ नोकरी घालवणे असा होऊ नये. दुसऱ्या विभागात बदली आणि टाकीची दुरुस्ती हा अर्थ घेतला पाहिजे. नोकरी जाण्याच्या भीतीनेच कामगार खोकला लपवतो आणि फुफ्फुस ताठर झाल्यावर येतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने खनिज तेलामुळे होणारा त्वचादाह आणि पुळ्या यांची नोंद कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत केली आणि ते कळवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही टाकली. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. कळवलेच नाही तर आजार अस्तित्वातच नाही, असे कागद सांगतात.

कामगारांनी लक्षात ठेवावे

• खोकला, धाप किंवा ताप कामाच्या दिवशी वाढतो आणि सुट्टीत कमी होतो का, हे आठवडाभर लिहून ठेवा.

• डॉक्टरांना ‘कंपनीत आहे’ एवढेच सांगू नका. मशीन कोणते, कूलंट कोणते, वास येतो का, शेडमध्ये आणखी कुणाला त्रास आहे का, हे सांगा. कूलंटच्या कॅनवरच्या लेबलचा फोटो दाखवा.

• टीबीची तपासणी टाळू नका. ती नकारात्मक आली आणि त्रास तसाच असेल, तर छातीविकारतज्ज्ञांना भेटा. ईएसआयचे कार्ड असेल तर तिथे जा.

• सिगारेट, बिडी सोडा. आधीच सुजलेल्या छातीला दुसरा भार नको.

दरवर्षी खंडेनवमीला गावोगावच्या वर्कशॉपमध्ये मशीन पुसून लखलखीत केली जातात, त्यांना हळद-कुंकू लागते, झेंडूची माळ चढते. त्याच दिवसाच्या आधी मशीनखालची टाकी उपसून, खरवडून, धुऊन घेतली आणि पुढे वर्षभर तिच्या कार्डावर दोन आकडे लिहिले गेले, तर सुट्टीनंतरच्या शुक्रवारी शटर उघडणाऱ्याला नाक मुरडावे लागणार नाही. आणि छातीविकार विभागाच्या बाकावरची एखादी जागा रिकामी राहील.